वकिलाची पाटी

पणजीत, म्हापशात किंवा मडगावात कोर्टाच्या आसपास फिरताना पाट्या वाचून बघा. डॉक्टरांच्या पाटीवर ते कशाचे तज्ज्ञ आहेत हे ठळक लिहिलेले असते. वकिलाच्या पाटीवर बहुधा नाव, पदवी आणि 'अ‍ॅडव्होकेट' एवढेच असते. हा विनय नव्हे, नियम आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या ३६ व्या नियमाप्रमाणे वकिलाने जाहिरात करायची नाही आणि दलालामार्फत किंवा स्वतः गाठून काम मागायचे नाही. पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी. आपण पूर्वी न्यायाधीश होतो किंवा अमुक विषयातले जाणकार आहोत, असे तिच्यावर लिहायचे नाही.

हा सोवळेपणा इंग्लंडहून आला. बॅरिस्टरची फी ही मजुरी नसून मानधन आहे, अशी तिथली समजूत. अशिलाने ते बुडवले तर बॅरिस्टरला दावाही लावता येत नसे. ज्याने पैशांसाठी भांडायचे नाही, त्याने गिऱ्हाईक तरी कसे बोलवावे? इंग्रजी कोर्टांबरोबर ही कल्पना हिंदुस्थानात आली, पण आवारातले चित्र निराळेच होते. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स कायद्यात दलालांविरुद्ध तरतूद करावी लागली, यातच सगळे आले. विलायतेहून परतलेल्या गांधीजींना मुंबईतल्या पहिल्याच खटल्यात दलाली मागितली गेली आणि त्यांनी ती नाकारली. पुढे राजकोटला मात्र काम देणाऱ्या वकिलांना वाटा देण्याची तडजोड करावी लागली. आत्मकथेत त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले आहे.

या विषयातला आपल्याकडचा गाजलेला खटलाही मुंबईचाच. एस्प्लनेड कोर्टाच्या दारात उभे राहून काही वकील येणाऱ्या पक्षकारांवर झडप घालत, फी पाडून एकमेकांची कामे पळवत, प्रसंगी हातघाईवरही येत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 'बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोलकर' या १९७५ च्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी बजावले की वकिली हा व्यापार नव्हे आणि खटला हा बाजारातला माल नव्हे. तेच कौन्सिल आज 'महाराष्ट्र आणि गोवा' असे आपलेही आहे, त्यामुळे ही गोष्ट परक्या घरची नाही.

गंमत अशी की त्यानंतर दोनच वर्षांनी अमेरिकेत वारे उलटे फिरले. फिनिक्स शहरातल्या दोन वकिलांनी वर्तमानपत्रात फीचे दर छापले होते. १९७७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, पाच विरुद्ध चार मतांनी, वकिलांच्या जाहिरातींवर सरसकट बंदी घालता येत नाही असे ठरवले. इंग्लंडातही १९८४ पासून सॉलिसिटरांना जाहिरातीची मुभा मिळाली. आपल्याकडे २००८ मध्ये एवढेच झाले की वकिलाला संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र देता येऊ लागले. म्हणजे जे पाटीवर लिहायचे नाही, ते इंटरनेटवर चालते!

पुढे जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांची कामे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन याद्यांवर ताशेरे ओढून कारवाईचे आदेश दिले. मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने नटनट्या आणि समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांमार्फत होणाऱ्या जाहिरातींविरुद्ध इशारा दिला. दाराशी उभा राहणारा दलाल आता मोबाइलमध्ये शिरला आहे, हे त्यामागचे दुखणे.

तरीही मला एक प्रश्न छळतो. या बंदीचा भार कोणावर पडतो? ज्याच्या घरात दोन पिढ्यांची वकिली आहे त्याला जाहिरात लागतच नाही. आडनाव हीच त्याची पाटी. पेडण्याहून किंवा काणकोणहून आलेला, पाठीशी कोणी नसलेला नवा वकील मात्र गप्प बसतो. आणि ज्याच्या घरावर खटला चालू आहे तो मुंडकार? आपल्या कामातला जाणकार कोण, हे तो शेवटी कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर विचारतो. तिथे उत्तर द्यायला दलाल तयारच असतो.

मोठमोठ्या फलकांवर 'हमखास जामीन' असे वाचायची माझी मुळीच इच्छा नाही. पण खरी माहिती देणे वेगळे आणि गिऱ्हाईक ओढणे वेगळे. २००८ मध्ये संकेतस्थळाला जेवढी सूट दिली, तेवढी साध्या पाटीलाही द्यावी. 'कूळ व मुंडकार खटले' एवढी एक ओळ पाटीवर आली, तर काळ्या कोटाची अब्रू जाणार नाही. दलालाचे गिऱ्हाईक मात्र थोडे कमी होईल.