वातपूरित नौकांवरील वल्ह्यांचे आधार

हवेने फुगविलेल्या, रबरी वा प्लॅस्टिकलेपित कापडाच्या लहान नौकेवर वल्हे जेथे टेकविलेले असते, त्या ठिकाणच्या जोडणीस वल्ह्याचा आधार म्हणतात. लाकडी होडीत हा आधार अगदी साधा असतो : काठाच्या फळीत ठोकलेली खुंटी, खुंटीभोवतीचा दोराचा फास किंवा बेचक्याच्या आकाराची लोखंडी कडी. होडीचा काठच कठीण असल्याने त्याच्या रचनेचा वेगळा विचार करावा लागत नाही. वातपूरित नौकेस असा कठीण काठ नसतो. मऊ व दबणाऱ्या अंगावर न हलणारा बिंदू कसा निर्माण करावयाचा, हा या रचनेतील मूळ प्रश्न होय. तो प्राचीन काळापासून प्रामुख्याने दोन रीतींनी सोडविण्यात आला आहे : एक, फुगविलेल्या भागांवर कठीण चौकट बांधून आणि दुसरी, वल्ह्याचा भार नौकेच्या त्वचेच्या मोठ्या क्षेत्रावर पसरवून.

तत्त्व : वल्हे ही दुसऱ्या प्रकारची तरफ आहे. पाण्यात रुतलेले पाते हा टेकू, मुठीवर हाताने दिलेला ओढा हे बल आणि आधारापाशी पुढे ढकलली जाणारी नौका हा भार होय. १८० सेंमी. लांबीच्या वल्ह्याचा ६० सेंमी. भाग आधाराच्या आत व १२० सेंमी. बाहेर असेल आणि वल्हेकऱ्याने प्रत्येक मूठ १५ किग्रॅ. वजनाइतक्या बलाने ओढली, तर पात्यावर ७·५ किग्रॅ. आणि आधारावर २२·५ किग्रॅ. इतके बल येते. म्हणजे वल्हेकऱ्याच्या हातापेक्षा आधारालाच दीडपट भार सोसावा लागतो. शिवाय हा भार एकसारखा नसून प्रत्येक फटकाऱ्यास येतो व जातो. आधार दबला किंवा कलला, तर वल्हेकऱ्याच्या श्रमाचा काही भाग नौका पुढे नेण्याऐवजी तिचे अंग वाकविण्यातच खर्ची पडतो. आधार निखळला, तर नौका वाऱ्याच्या स्वाधीन होते. उरलेल्या एका वल्ह्याने ती सरळ पुढे न जाता जागीच फिरू लागते.

प्राचीन काळ : फुगविलेल्या कातड्याच्या साहाय्याने पाणी ओलांडण्याची रीत फार जुनी आहे. ॲसिरियाचा राजा दुसरा अशुरनासिरपाल (कार. इ. स. पू. ८८३–८५९) याच्या निमरूद येथील राजवाड्यातील शिल्पपट्टांत फुगविलेली कातडी पोटाखाली धरून नदी पोहून जाणारे सैनिक दिसतात. यात वल्हे नाही. हातपाय हेच साधन आहे. टायग्रिस नदीवर चालणाऱ्या केलेक नावाच्या तराफ्यात पुढची पायरी आढळते. त्यात अनेक फुगविलेली कातडी एकत्र बांधून त्यांवर लाकडी वाशांची चौकट बसवीत आणि वल्ही त्या चौकटीवर टेकवीत. भार कातड्यांवर आणि ओढा लाकडावर, अशी ही विभागणी होती. ऑस्टिन हेन्‌री लेयर्ड (१८१७–९४) या पुरातत्त्वज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास निमरूद येथील प्रचंड शिल्पे अशाच तराफ्यांवरून नदीमार्गे खाली नेली. मुक्कामास पोहोचल्यावर लाकूड विकून टाकावयाचे व कातड्यांतील हवा काढून ती जनावरांवर लादून परत आणावयाची, अशी या व्यवसायाची पद्धत होती. घडी घालता येणे, हा वातपूरित नौकेचा मुख्य गुण त्या काळीही ओळखला गेला होता.

भारतात सतलज व बिआस या नद्यांवर बैलाचे वा म्हशीचे कातडे फुगवून त्यावर पालथे पडून नदी ओलांडीत. नावाडी एका हाताने आखूड वल्हे चालवी व पायांनी दिशा देई. महाराष्ट्रातील नद्यांवर वाळलेल्या भोपळ्यांची सांगड प्रचारात होती. ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार या जोडणीचीच आठवण देतो. या सर्व साधनांत वल्हे हातातच धरलेले असे. याउलट अठराव्या शतकात मराठ्यांच्या आरमारातील गलबते चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालत व वारा पडला असता मोठ्या गुराबांना ओढून नेत. ते सामर्थ्य वल्हेकऱ्यांच्या संख्येइतकेच गलबताच्या कठीण लाकडी काठावरही अवलंबून होते.

रबराचे युग : चार्ल्‌स मॅकिंटॉश (१७६६–१८४३) यांनी १८२३ मध्ये रबर लावलेल्या जलाभेद्य कापडाचे एकस्व मिळविले. तथापि हे कापड उन्हात चिकट व थंडीत कडक होई. रबर गंधकासह तापविल्यास हा दोष जातो, हे चार्ल्‌स गुडइयर (१८००–६०) यांना १८३९ मध्ये आढळले. त्यानंतर हवाबंद नौका करणे व्यवहार्य झाले. ब्रिटिश नौदलातील अधिकारी पीटर हॅल्केट यांनी १८४० नंतरच्या दशकात अंगरख्यासारखी पांघरता येईल व भात्याने फुगविता येईल, अशी नौका तयार केली. जॉन रे (१८१३–९३) यांनी उत्तर ध्रुवाकडील प्रदेशाच्या आपल्या मोहिमेत १८४६ मध्ये हॅल्केटची नौका वापरली. तीत वल्ह्यास आधार नव्हता. सुटे आखूड वल्हे हातानेच मारावे लागे. जॉन चार्ल्‌स फ्रेमाँट (१८१३–९०) यांनी १८४३ मध्ये अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेक या सरोवरात रबरी नौका नेली. तिचे सांधे शिवलेले नसून केवळ चिकटविलेले होते. वाटेत त्यांतून हवा जाऊ लागली आणि भात्याने सतत हवा भरीत बेट गाठावे लागले. चिकटविलेला सांधा पाण्याशी नव्हे तर ताणाशी झुंजत असतो, हा या प्रसंगाचा धडा पुढे वल्ह्यांच्या आधारांनाही लागू पडला.

विसाव्या शतकात फ्रान्समधील झोदियाक या वायुयाने बनविणाऱ्या कंपनीत प्येर दब्रूतेल यांनी १९३० नंतरच्या दशकात इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची नौका घडविली. दोन्ही बाजूंस फुगविलेल्या नळ्या व त्यांना जोडणारी मागील लाकडी फळी, ही तिची रचना आजही प्रचलित आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी अशा नौका मोठ्या प्रमाणावर तयार झाल्या. आलँ बाँबार (१९२४–२००५) या फ्रेंच वैद्याने १९५२ मध्ये सु. साडेचार मी. लांबीच्या वातपूरित नौकेतून अटलांटिक महासागर ओलांडला. त्यामुळे या नौकांच्या टिकाऊपणाविषयीचा संशय पुष्कळसा दूर झाला. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या महाघळीतून १९३८ मध्ये एमस बर्ग यांनी वातपूरित नौका नेली. युद्धानंतर तेथे सैन्याच्या शिल्लक नौका वापरात आल्या आणि त्यांवर लाकडी, पुढे धातूच्या चौकटी बांधून लांब वल्ही बसविण्याची पद्धत रूढ झाली. केलेकची जुनी युक्ती अशा रीतीने पुन्हा अवतरली. वेगवान नद्यांत वल्हेकरी प्रवाहाच्या दिशेस तोंड करून बसतो व वल्हे कधी ओढतो, तर कधी ढकलतो. त्यामुळे तेथील आधारास दोन्ही दिशांचा भार सोसावा लागतो.

प्रकार : लहान नौकांवरील आधारांचे स्थूलमानाने चार प्रकार पडतात. (१) नळीवर चिकटविलेली रबरी वा कापडी कडी : हिच्यातून वल्हे ओवतात. ही स्वस्त असते. परंतु तीत वल्हे पुढेमागे सरकते व ती लवकर फाटते. (२) साच्यातील रबरी ठोकळा व खुंटी : ठोकळ्याचा तळ पसरट असून तो नळीस चिकटविलेला असतो. वल्ह्याच्या दांड्यातील भोकातून खुंटी जाते व वर टोपण बसते. वल्हे हरवत नाही, मात्र ते स्वतःच्या अक्षाभोवती फिरवून पाते आडवे करता येत नाही. त्यामुळे समोरच्या वाऱ्यात पात्यास रोध होतो. (३) ठोकळ्यातील खोबणीत फिरणारे धातूचे बेचके : यात पाते फिरविता येते, मात्र वल्हे निसटू नये म्हणून दांड्यावर गळपट्टी लागते. (४) चौकट : दोन्ही नळ्यांवर आडवी ठेवून पट्ट्यांनी आवळलेली लाकडाची वा ॲल्युमिनियमाची चौकट. हिच्यावरील आधार सर्वांत घट्ट असतो; परंतु वजन वाढते व घडी घालण्याची सोय काहीशी कमी होते.

रचनेची सूत्रे : चिकटविलेला तळ पृष्ठाला समांतर ओढला असता पुष्कळ भार सोसतो, पण एका कडेने उचलला गेल्यास साल सोलावे तसा सुटत जातो. खुंटी जितकी उंच, तितका तिचा तळाच्या कडेवर येणारा परिपीडक अधिक. म्हणून खुंटी आखूड, तळ रुंद व कडा क्रमाने पातळ होत गेलेल्या असाव्यात. वल्हेकरी ज्या दिशेस तोंड करून बसतो, त्या बाजूस बैठकीपासून सु. ३० सेंमी. अंतरावर आधार असल्यास हात पुरेसे लांबविता येतात. नळी जाड असल्याने आधार शरीरापासून दूर जातो. ते अंतर लक्षात घेऊन वल्ह्याची लांबी ठरवावी. दोन्ही आधारांना जोडणारी एक आडवी फळी नळ्यांवर बांधली, तर आधारांचे आतबाहेर कलणे परस्परांत तोलले जाते. पूर्ण चौकटीचा बराचसा लाभ या एका फळीने मिळतो.

आधाराची दृढता नळीतील हवेच्या दाबावरही अवलंबून असते. लहान नौकांत हा दाब वातावरणाच्या दाबाहून सु. एक-पंचमांशाने अधिक ठेवतात. वायूच्या नियमानुसार ४०° से. तापमानाच्या हवेने भरलेली नौका २५° से. तापमानाच्या पाण्यात थंड झाली, तर तिच्यातील हा जादा दाब सु. तीस टक्क्यांनी घटतो व काठावर घट्ट वाटलेला आधार पाण्यात डळमळू लागतो. याउलट २७° से. तापमानास भरलेली नौका उन्हात ४७° से. पर्यंत तापल्यास जादा दाब सु. चाळीस टक्क्यांनी वाढून सांध्यांवर ताण येतो. म्हणून नौका पाण्यात काही वेळ ठेवून मग पुन्हा हवा भरावी व काठावर काढताच थोडी हवा सोडावी.

बोदलकसा व तलावांचा प्रदेश : गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील बोदलकसा येथील मातीच्या बांधाचा जलाशय विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत सिंचनासाठी निर्माण झाला. सभोवती टेकड्या व वन असलेले हे जलाशयाचे ठिकाण पर्यटकांना व पक्षिनिरीक्षकांना परिचित आहे. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात व लगतच्या भागात तलावांची परंपरा त्याहून पुष्कळ जुनी आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने येथे तलाव बांधले. जमीनदारी हक्क रद्द झाल्यावर ते माजी मालगुजारी तलाव या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांवरील मासेमारी प्रामुख्याने ढीवर समाजाकडे असून डोंगा हे त्याचे परंपरागत वाहन होय. मोठ्या झाडाचे खोड कोरून केलेला डोंगा हातातील वल्ह्याने वा बांबूने चालवितात. अशी खोडे दुर्मिळ झाल्यावर महाराष्ट्रातील अनेक जलाशयांवर मालमोटारीच्या चाकातील हवा भरलेल्या ट्यूबचा उपयोग होऊ लागला. ट्यूबवर बसून हातांनी पाणी मागे सारणे ही सांगडीचीच नवी आवृत्ती होय. तीत वल्ह्यास टेकण्यासाठी जागा नाही. म्हणून समोरून वारा सुटला असता काठ गाठणे कठीण होते. ट्यूबच्या जोडीवर बांबूची चौकट आवळून तिच्या काठास खुंट्या ठोकल्यास ही उणीव अल्प खर्चात भरून निघते.

बोदलकशासारख्या जलाशयांवर लहान वातपूरित नौकेस वाव आहे. हिवाळ्यात येणाऱ्या बदकांची गणना यंत्राच्या आवाजाने बिघडते. वल्ह्यांनी ती शांतपणे करता येते. सिंचनासाठी पाणी सोडल्यावर पाणकाठ दूर सरकतो व मधल्या चिखलातून जड होडी नेता येत नाही. दोन माणसांना उचलता येणारी नौका तेथे सोयीची ठरते. मात्र बुडालेली खुंटे व विदर्भातील कडक ऊन ही तिची परीक्षा पाहतात. नळ्यांचे स्वतंत्र कप्पे असावेत, आधार एकाच कप्प्यावर अवलंबून नसावेत आणि प्रत्येकाने तरणजाकीट घालावे, हे नियम येथे विशेष महत्त्वाचे आहेत.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगा व तिच्या उपनद्यांना आलेल्या पुराने भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांतील अनेक गावे वेढली गेली. अशा प्रसंगी बचाव पथके यंत्रचलित वातपूरित नौका वापरतात. परंतु पुराच्या पाण्यातील दोर, जाळी व गवत पंख्यात अडकून यंत्र बंद पडू शकते. त्या वेळी वल्हे व त्याचा आधार एवढेच साधन उरते. म्हणून वर्षभर घडी घालून ठेवलेल्या नौकेची पावसाळ्यापूर्वी हवा भरून तपासणी करताना नळ्यांइतकेच लक्ष आधारांच्या कडांकडे देणे व वल्ही प्रत्यक्ष पाण्यात मारून पाहणे आवश्यक ठरते.