फुटलेला गळा व बसलेला गळा



किर्लोस्कर नाटक मंडळींत भास्कर बखले नांवाचा एक मुलगा होता. जन्म १८६९ चा. 'रामराज्यवियोग' नाटकांत तो कैकेयीची भूमिका करी आणि आपल्या गोड गळ्यानें लोकांना जिंकी. पुढें तो वयांत आला, आवाज फुटला, आणि ज्या गळ्यासाठीं त्याचें कौतुक होतें तो गळाच राहिला नाहीं. रंगभूमीवरील त्याचें स्थान गेलें.

आवाज फुटतो म्हणजे काय होतें? कंठांत दोन लवचिक पडदे असतात. श्वास त्यांमधून जातांना ते थरारतात व स्वर उमटतो. वयांत येतांना मुलाचे हे पडदे लांब व जाड होतात, आणि स्वर सुमारें एक सप्तक खालीं उतरतो. अतिगायनाची गोष्ट निराळी. तींत पडदे सुजतात, नीट मिटत नाहींत, वारा निसटतो व आवाज घोगरा होतो. मॅन्युएल गार्सिया या स्पॅनिश गानशिक्षकानें १८५४ सालीं दंतवैद्याचा आरसा घशांत धरून, सूर्यप्रकाशांत स्वतःचेच पडदे न्याहाळले. त्याचाहि आवाज तरुणपणींच बिघडला होता! स्वीडनची गायिका जेनी लिंड १८४१ सालीं थकलेला गळा घेऊन पॅरिसला त्याच्याकडे आली, तेव्हां त्यानें शिकविणें दूर ठेवून आधीं तिला कित्येक आठवडे गाणेंच बंद करावयास लावलें.

आमच्या नाटकवाल्यांना ही चैन कोठली? ध्वनिवर्धक नाहीं, नाटक रात्रभर, आणि वर 'वन्समोअर'चा गजर.

भास्करबुवांनीं बडोद्यास फैजमहंमदखांची तालीम धरली. मग नत्थनखां, आणि त्यानंतर अल्लादियाखां. या शेवटच्या गुरूंचा (१८५५–१९४६) अनुभव तर अधिकच बोलका आहे. चुलते जहांगीरखां यांच्यापाशीं शिकून तयार झालेल्या खांसाहेबांचा आवाज तरुणपणीं आमलेटा संस्थानांत अतिगायनामुळें बसला. दीर्घ काळ गातां येईना. परतला तो आवाज पूर्वीचा नव्हता. तेव्हां खांसाहेबांनीं गेलेल्या आवाजाचा पाठलाग सोडला, आणि उरलेल्या आवाजाला शोभेल अशी, लयीशीं गुंफलेली पेंचदार गायकी घडविली. तीच पुढें जयपूर-अत्रौली घराण्याची म्हणून नांवाजली. केसरबाई केरकरांनीं ती त्यांच्याकडूनच घेतली. उणिवेंतून निघालेली गायकी म्हणून कोणी नाक मुरडतील; मला तर त्यांत खांसाहेबांचें शहाणपणच दिसतें. भास्करबुवाहि रंगभूमीकडे परतले, पण चाली देणारे गुरु म्हणून. १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकांतील त्यांच्या चालींवर बालगंधर्व गायिले.

ही सारी हकीकत मला पाठ होती, तरीहि एक चूक माझ्या हातून घडली. माझ्या वर्गांत चौदा वर्षांचा एक सुरेल मुलगा होता. संमेलनाचें पद मीं त्याच्याकडून गेल्या वर्षीच्याच उंच पट्टींत बसवून घेत होतों. तो म्हणाला, "गुरुजी, वरचा सूर लागत नाहीं." मीं म्हटलें, "सराव कमी पडतो." महिनाभर रोज शाळा सुटल्यावर त्याला ओरडावयास लावलें. पेटीची पट्टी तीन-चार स्वर खालीं घेणें मला अशक्य नव्हतें. पण संमेलनाला पाहुणे यावयाचे होते. त्या दिवशीं मधल्या कडव्यांतच त्याचा आवाज चिरकला आणि सभागृह हंसलें.

पुढें त्यानें तबला धरला. उत्तम वाजवी. पण साथीला बसल्यावर त्यानें कधीं सूर गुणगुणलेला मीं ऐकला नाहीं.