जेम्स मूर (सायकलपटू)

जेम्स मूर (१४ जानेवारी, १८४९:बरी सेंट एडमंड्स, इंग्लंड - १७ जुलै, १९३५) हे सायकल शर्यतींच्या आरंभकाळातील इंग्लिश विजेते होते. त्यांचे बालपण पॅरिसमध्ये गेले.

सें-क्लू येथील शर्यत

३१ मे, १८६८ रोजी पॅरिसजवळील सें-क्लू उद्यानात झालेली १,२०० मीटरची शर्यत जगातील पहिली सायकल शर्यत होती व ती मूर यांनी जिंकली, असा उल्लेख अनेक ग्रंथांत आढळतो. सायकलच्या इतिहासाचे जपानी अभ्यासक केइझो कोबायाशी यांनी या दाव्यास आक्षेप घेतला. त्यांच्या मते त्या दिवशी एकाहून अधिक शर्यती झाल्या. पहिली पोलोसिनी नावाच्या स्पर्धकाने जिंकली, तर मूर नंतरच्या शर्यतीत विजयी झाले. शिवाय फ्रान्समध्ये त्याआधीही शर्यती भरल्या होत्या. तरीही पोलोसिनीचे नाव विस्मृतीत गेले आणि ‘पहिला विजेता’ ही मूर यांची ओळख रूढ झाली.

पॅरिस-रूआं शर्यत

७ नोव्हेंबर, १८६९ रोजीच्या पॅरिस-रूआं शर्यतीतील त्यांचा विजय मात्र निर्विवाद आहे. सुमारे १२३ किलोमीटरचे अंतर त्यांनी साधारण १० तास ४० मिनिटांत पार केले. त्यांच्या सायकलला त्या काळी नवीन असलेली बॉल बेअरिंग बसवलेली होती. दोन शहरांदरम्यानची ही पहिली लांब पल्ल्याची सायकल शर्यत मानली जाते.