तळटीप : वजनकाटा आणि सिरियल पोर्ट

फाट्यावरचा वजनकाटा : परभणीच्या कापूसपट्ट्यात, देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी, भरलेला ट्रक काट्यावर चढला की इंडिकेटरवरचा आकडा केबलमधून संगणकात जातो, तो बहुधा सिरियल पोर्टने. डॉसच्या काळात प्रोग्रॅम थेट हार्डवेअरशी बोलत असे. कॉम-१ या पहिल्या सिरियल पोर्टचा पत्ता ३एफ८. ३एफडी या पत्त्यावरचा सर्वांत उजवीकडचा बिट १ झाला की अक्षर आले असे समजायचे आणि ते ३एफ८वरून उचलायचे. विंडोज ९८पर्यंत हे चालले. विंडोज एनटी, २००० आणि एक्सपीमध्ये मात्र साध्या प्रोग्रॅमने तशी आज्ञा दिली की प्रोसेसरच ती अडवतो आणि प्रोग्रॅम बंद पडतो. हे बंधन योग्यच आहे. दोन प्रोग्रॅम एकाच पोर्टमधली अक्षरे एकाआड एक उचलू लागले, तर १२४८० किलोचे १४० होतील आणि भुर्दंड शेतकऱ्याला बसेल.

आता पोर्ट फाइलसारखा उघडायचा : विंडोजमध्ये ‘कॉम१’ या नावाने, लिनक्समध्ये ‘टीटीवायएस०’ या नावाने. वेग आणि पॅरिटी इंडिकेटरशी जुळवून घ्यायची; पुढचे काम ड्रायव्हरचे. थेट पत्ता खुला करून देणारे ड्रायव्हर आजही मिळतात, पण काट्यासाठी ते वापरू नयेत. नव्या लॅपटॉपला सहसा सिरियल पोर्ट नसतो, यूएसबी कन्व्हर्टर लावावा लागतो, आणि त्या कन्व्हर्टरला ३एफ८ हा पत्ताच नसतो.