लोणारचा खार

मैत्रिणींनो, लोणार म्हटलं की शाळेच्या पुस्तकातलं उल्केचं विवर आठवतं. पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद, दीडशे मीटर खोल. आम्ही आज बोलणार आहोत ते त्याच्या काठावरच्या गावाबद्दल आणि तळ्यातल्या खाराबद्दल.

डोंगरउतारावरचे झरे आणि पावसाचं पाणी या तळ्यात उतरतं, पण बाहेर जायला त्याला वाट नाही. उन्हाळ्यात पाणी आटतं, मागे पांढरा थर उरतो. हे खायचं मीठ नव्हे, मुख्यतः सोडा. त्याला गिऱ्हाईक कोण? आपणच की! काचेच्या बांगड्या, साबण, कापडाचा रंग, पापडाचा खार, या सगळ्यांत असा खार लागायचा. अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत वऱ्हाडाच्या सुभ्यात लोणारची नोंद आहे. काच आणि साबणाचा माल इथे मिळतो आणि त्यातून चांगला महसूल येतो, असं त्यात म्हटलंय. म्हणजे सोळाव्या शतकात दिल्ली-आग्र्याच्या दरबाराला हे तळं ठाऊक होतं, ते खारामुळे. इंग्रजांची पहिली नोंद, सी. जे. ई. अलेक्झांडर यांची, १८२३ सालची. पुढे १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेलं. कागदांत त्या उत्पन्नाचा हिशेब सापडतो. मे महिन्याच्या उन्हात चिखलात उतरून खार काढणाऱ्यांची नावं मात्र नाहीत.

गाव देवळांचं आहे. दैत्यसूदनाच्या देवळातली कोरीव शिल्पं बघत तासभर सहज जातो. लवणासुराला विष्णूने इथे मारलं, ही कथा गावातलं लहान पोरही सांगेल. तळ्याकाठी कमळजा देवी. नवरात्रात बायका उतार उतरून तिच्या दर्शनाला येतात. वर गोमुखाची धार, तिचं पाणी गोड. म्हणजे एका बाजूला गोड पाणी, खाली तोंडात धरवत नाही असं खारं, आणि दोन्हींमध्ये काही मिनिटांची उतरण.

तळ्याचं वय काढताना शास्त्रज्ञांचे आकडे बदलत गेले. आधी पन्नास हजार वर्षं म्हणायचे, नंतर आर्गॉनच्या पद्धतीने केलेल्या मोजणीत सुमारे पाच लाख सत्तर हजार निघाली. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा देशभर फोटो फिरले. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं, तर खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. त्याआधी, २००० साली, परिसर अभयारण्य झाला होता.

अडचण अशी, की या तळ्याला बाहेरचं जास्तीचं पाणी मानवत नाही. गोडं पाणी भरपूर आलं तर खार पातळ होतो, आणि खारावर जगणारे जीव संपतात. सांडपाणी उतरलं तर शेवाळ आणि घाण वाढते. गाव वाढलं, नळ आले, तसं सांडपाणीही वाढलं. न्यायालयापर्यंत हा प्रश्न गेला आहे. गावातल्या बायांना नळ हवाच, त्यात वाद नाही. गटाराचं पाणी मात्र उताराकडे न जाता दुसरीकडे वळवून शुद्ध व्हायला हवं. ग्रामसभा असो वा नगरपालिकेची बैठक, रस्त्याच्या डांबराइतका वेळ या विषयाला मिळावा, अशी आमची मागणी आहे.