तळटीप : पास्कलमधील ‘इफदेन’ फलन

१. इफदेन : निक्लाउस विर्त यांच्या मूळ पास्कलमध्ये (१९७०) ‘इफ’ हे विधान आहे; आल्गोल ६० मध्ये मिळते तसे त्यातून मूल्य मिळत नाही. ही उणीव डेल्फी व फ्री पास्कलमधील ‘इफदेन’ हे फलन भरून काढते. दोन साध्या मूल्यांतून निवड करताना ते सुटसुटीत वाचते. एकात एक गुंफल्यास मात्र अर्थ लावणे जड जाते. फलनात शिरण्यापूर्वीच दोन्ही पर्यायांची किंमत काढली जाते. त्यामुळे कलबुर्गीतील तुरीचा तालुकावार हेक्टरी उतारा ‘इफदेन(क्षेत्र > ०, उत्पादन डिव क्षेत्र, ०)’ असा काढल्यास, क्षेत्र शून्य असतानाही भागाकार होतो आणि प्रोग्रॅम चूक देतो. ‘इनलाइन’ निर्देशाने फलन बोलावण्याचा खर्च वाचतो. पण दोन्ही पर्यायांची किंमत आधी काढण्याचा नियम त्याने बदलत नाही. पर्याय वेळखाऊ किंवा धोक्याचा असल्यास इफ-देन-एल्स हे विधानच वापरावे.