वीतभर अल्को

शनिवार सकाळ, चहा आणि टेबलावर वीतभर लांबीचं डिझेल इंजिन: डब्ल्यूडीएम-2, 1:87 मापाचं मॉडेल. जाळ्या, कठडे, सगळं हुबेहूब. फक्त चाकांमधलं अंतर खोटं! ब्रॉडगेजच्या 1676 मिमीला 87 ने भागलं तर 19.3 मिमी येतात. पण या मापाचे तयार रूळ 16.5 मिमीचे, कारण ते परदेशातल्या 1435 मिमी गेजवरून ठरलेत. म्हणजे आपलं इंजिन परक्याच्या चपला घालून उभं आहे.

गंमत म्हणजे मूळ इंजिनही परकंच. 1962 मध्ये अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून पहिली इंजिनं आली. त्याच वर्षी जनरल मोटर्सचीही आली होती, पण तंत्रज्ञान द्यायला राजी झाली ती अल्को. जानेवारी 1964 मध्ये वाराणसीच्या कारखान्यातून पहिलं इंजिन बाहेर पडलं. 16 सिलिंडर, 2600 अश्वशक्ती.

आणि 1969 मध्ये अल्कोने इंजिनं बनवणंच बंद केलं!

आमच्या धंद्यात व्हेंडर बुडाला की पोटात गोळा येतो. इथे मात्र सोर्स कोड आपल्या हातात होता. वाराणसीने पुढची कित्येक वर्षं डब्ल्यूडीएम-2 बनवली, मग त्यातूनच 3100 अश्वशक्तीचं डब्ल्यूडीएम-3ए काढलं.

2020 मध्ये त्या कारखान्याच्या नावातूनही 'डिझेल' गेलं. असो. काळा धूर ओकत निघणारं ते धूड ज्यांनी पाहिलंय, त्यांना माझ्या मॉडेलमध्ये अजून एक खोट सापडेल. हे बिचारं धूर सोडत नाही.